दुसरं ताट

तेजस्वी : हळू बोल. आई गिरणीत गेलीया दळण आणायला. ती यायच्या आत तुझं-माझं एक ठरू दे.

राजवीर : ताई, आधी पाणी तरी दे. पुण्यास्नं यष्टीत उभ्यानं आलोय. आणि ही बोचकी कसली बांधून ठेवलीस सोप्यात?

तेजस्वी : आईची. तुझं दाजी टेंपो बघायला गेल्यात. आज तिला कागलला न्यायची, माझ्या घरी. हे घर कुलूप लावून ठेवायचं.

राजवीर : आई तयार झाली? शिवाजी पेठ सोडून ती माहेरालासुद्धा दोन रात्री काढत न्हाय.

तेजस्वी : तिला विचारायची वेळ गेली, राजू. काल तुझा फोन लागला तवा नुसतं 'ये' म्हटलं. परमुलखातल्या माणसाच्या जिवाला घोर कशाला लावायचा. तू येतोयस हे तिलाबी सांगितलं न्हाय. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

राजवीर : कायतरीच तुझं. तालमीच्या पोरांनी बॉल दारावर मारला तर अजून त्यांची वरात काढती ती.

तेजस्वी : मलाबी आधी तसंच वाटलं. गेल्या आठवड्यात आलो तर दोन ताटं मांडलेली. म्हटलं, दुसरं कुणाचं? म्हणाली, असू दे. रोज तेच चाललंय. दोन्ही ताटं वाढती, आपण दोन घास खाती न खाती, आणि दुसऱ्या ताटातलं नेऊन गाईला घालती. शेजारच्या बाळाबाई सांगत हुत्या, गल्लीत कुणाचं पाऊल वाजलं तरी दार उघडून बघती म्हणून.

राजवीर : एकटी असती दिवसभर. होतं माणसाला असं.

तेजस्वी : पुढचं ऐक मग. परवा तिचा फोन हातात घेतला, शेवटचं तेवढं वाचलं. तुला तिनं लिहिलंय, 'तुझे आबा घरी आल्यात.'

राजवीर : आपले आबा?

तेजस्वी : आणि किती आबा हायत आपल्याला? ज्यांना आपण दोघांनी पंचगंगेवर पोचवलं, ते घरी आल्यात म्हणून आई लिहिती.

राजवीर : ताई...

तेजस्वी : थांब, माझं झालं न्हाय. आईचं एक येळ समजू शकतो मी. पर तू? तू काय उत्तर दिलंस त्याला?

राजवीर : मी?

तेजस्वी : 'अरे वा, छान झालं आई! आबांना माझा नमस्कार सांग. जेवलात का सगळे?' राजू, गेलेल्या बापाला नमस्कार पाठवलास तू. म्हटलं, एक येडी झाली ती झाली, ह्याला काय झालंय?

राजवीर : असं लिहिलंय? बघू... थांब, माझ्याच फोनात असंल.

तेजस्वी : बघ की. तूच लिहिलेलं तूच बघ.

राजवीर : अरे देवा.

तेजस्वी : का? आता का पांढराफटक पडलास? आणि हे नाक कशानं सोललंय तुझं? बेंगलोरात एवढं ऊन असतंय?

राजवीर : ताई, हे मी लिहिलेलं न्हाय.

तेजस्वी : नंबर तुझा, नाव तुझं. मग कुणी लिहिलं?

राजवीर : मशीननं.

तेजस्वी : कसलं मशीन?

राजवीर : म्हणजे प्रोग्रॅम. मी लिहिलेला. हे बघ, आई रोज तेच विचारती. उठलास का, जेवलास का, पाऊस हाय का, कधी येणार. मी रोज तेच उत्तर देतो. आमच्या धंद्यात एक खोड लागती. तेच ते काम सारखं हातानं करायचं आलं की जीव वैतागतो, त्याला प्रोग्रॅम लावून मोकळं व्हायचं. तसा लावला. आईचा मेसेज आला की तो वाचतो आणि माझ्या नावानं उत्तर धाडतो.

तेजस्वी : आईला.

राजवीर : व्हय.

तेजस्वी : आपल्या आईला तू मशीन लावलंस.

राजवीर : चांगलं बोलायचं ते. माझ्यापेक्षा चांगलं. मी सांगूनच ठेवलेलं त्याला, गोड बोल, तिला कशाला न्हाय म्हणू नको, तिला काळजी वाटंल असं काही लिहू नको.

तेजस्वी : कवापासनं?

राजवीर : दिवाळीपासनं. अधनंमधनं मीबी लिहायचो, अगदीच न्हाय असं न्हाय. पर आता मी बेंगलोरात न्हवतोच. स्पितीला गेलतो, हिमाचलात, पार वर. तिथं रेंज नसती. फोन बंद पडला, पर खोलीवरचा कॉम्प्युटर चालू हुता. तोच उत्तरं देत बसला. काल दिल्लीत पोचलो तवा तुझा फोन लागला, तसाच इमानानं पुण्याला आणि तिथनं हिकडं आलो.

तेजस्वी : स्पितीला कशानं गेलतास?

राजवीर : मित्र हुते बरोबर.

तेजस्वी : कुणाबरोबर न्हाय विचारलं. कशानं गेलतास?

राजवीर : मोटरसायकलनं.

तेजस्वी : आणि आबा कशावरनं गेले?

राजवीर : म्हाईत हाय की मला. म्हणून तर घरात सांगितलं न्हाय.

तेजस्वी : भावकीत सांगून बसलोय मी, आईला भ्रम झालाय. डॉक्टरची वेळ घेतलीया. तुझ्या दाजींनी तिच्यासाठी मागची खोली रिकामी केली. आता काय सांगू त्यास्नी?

राजवीर : काही सांगू नको.

तेजस्वी : म्हणजे?

राजवीर : म्हणजे ने की तिला कागलला थोडं दिवस. हवापालट होईल. मी हे बंद करतो. कुणाला कळायची गरज काय?

तेजस्वी : आई येडी ठरली तरी चालंल, तुझं पितळ उघडं पडायला नको. असंच न्हवं?

राजवीर : तसं न्हाय ग ताई. पर आबा आले हे मशीननं सांगितलं न्हाय तिला. ते तिनं आपल्या मनानं लिहिलंय. मग डोक्यावर परिणाम तर झालाच की.

तेजस्वी : व्हय. तेवढं खरं हाय.

(आई पिठाचा डबा कमरेवर घेऊन दारात उभी.)

आई : राजू?

राजवीर : आई. आलो बघ. आत्ताच आलो.

आई : उठ. उभा ऱ्हा.

राजवीर : अगं, तू बस की आधी.

आई : उभा ऱ्हा म्हटलं न्हवं? हात दाखीव. दोन्ही दाखीव. आता उंबऱ्यापतोर चालत जा.

तेजस्वी : आई, डबा तरी ठेव खाली.

आई : तू गप. चाल रं. हां. ये माघारी. धड हायस. बस आता.

तेजस्वी : आई, शांत हो. तुला बरं वाटत न्हाय ना, म्हणून आपण...

आई : मला काय धाड भरलीया? तुझा फोन लागत न्हवता, राजू. कवाबी लावला तरी ती बाई आपली एकच म्हणायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आन् लिहिलं की पटदिशी उत्तर. फोन बंद आन् उत्तर चालू. असं कुठं असतंय व्हय?

राजवीर : आई, मी सांगतो...

आई : आन् उत्तरं तरी कसली? 'आई, तू स्वतःची काळजी घे. तुझी खूप आठवण येते.' जल्मात कधी बोललास असलं? बापाच्या वळणावर गेलास तू. 'हां, बरं, ठेवू?' एवढ्यात तुझं संपतंय. ते गोड गोड वाचलं. म्हटलं, हे माझं पोर न्हवं. पोराचा फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात हाय.

तेजस्वी : मग विचारायचं न्हाय व्हय?

आई : ईचारलं की. 'कोण बोलतंय?' म्हटलं. तर आलं, 'मी राजवीर, आई.' म्हटलं, 'तुझा फोन कुणी घेतलाय का?' तर 'हो आई.' म्हटलं, 'तू धड हायस न्हवं?' तर 'हो आई, आत्ताच जेवलो.' मग म्हटलं, असं कायतरी लिहावं, जे माझ्या पोरालाच ठावं. परक्याला काय म्हाईत, माझा धनी हाय का गेला? म्हणून लिहिलं, आबा घरी आल्यात.

तेजस्वी : म्हणजे आबा आले असं तुला वाटलं न्हवतं?

आई : कपाळ पुसून बसलेली बाई मी. मला ठावं न्हाय व्हय? माझं पोर असतं तर तिथल्या तिथं फोन करून बोंबललं असतं, आई, असं काय बोलतीस म्हणून. ह्यानं नमस्कार सांगितला. तवा खात्रीच पटली.

तेजस्वी : अगं, मग मला का न्हाय सांगितलंस? मी हितं तुझी लुगडी बोचक्यात बांधतोय, डॉक्टरला फोन करतोय, आणि तू तोंडातनं एक शब्द काढला न्हाईस.

आई : काय सांगू? पोराचं बरंवाईट झालंय म्हणून सांगू? ह्या घरात? वास्तू तथास्तु म्हणती, तेजू. तुमचं आबा ह्याच उंबऱ्यावर गाडीला किक मारता मारता म्हणालं, 'मी काय येत न्हाय आता, तुम्ही जेवून घ्या.' आलं का? तुम्ही मला येडी म्हणत हुता, म्हटलं म्हणू दे. कागलला न्या, कुठंबी न्या. पर ते माझ्या तोंडातनं निघायला नको.

तेजस्वी : आणि ते दुसरं ताट?

आई : ह्याचं. माझी आई म्हणायची, ताट मांडलेलं असलं की माणूस कुठंबी असू दे, उपाशी ऱ्हात न्हाय.

राजवीर : आई, फोन कुणी घेतला न्हवता. मीच उत्तर द्यायला मशीन लावलेलं. आणि मी गाडीवरनं हिमालयात गेलतो.

आई : मशीन.

राजवीर : व्हय.

आई : माझा गुडघा धरतोय म्हणून लिहायचो, ते मशीननं वाचलं?

राजवीर : व्हय, आई.

आई : आन् तुला बघून लई दिस झालं, ते?

राजवीर : तेबी.

आई : बरं झालं मग.

तेजस्वी : ह्यात बरं काय झालं, आई?

आई : पोर जित्तं हाय. गाडीचं मागनं बघतो मी त्याच्याकडं. ते बंद केलंस का रं?

राजवीर : आत्ता केलं. हे बघ, काढूनच टाकलं.

आई : सांजसकाळ मला ईचारायचं ते, जेवलीस का म्हणून. चुकायचं न्हाय कवा. आता कोण ईचारणार?

राजवीर : आई, जेवलीस का?

आई : न्हाय. तेजू, तुझ्या मालकांना फोन लाव, टेंपो नको म्हणावं. आन् वाढायला घे. दोन ताटं मांडलेलीच हायती, तुझं तेवढं काढ.