व्याही झोपले, मासा जागा

...आणि वर म्हणतात काय, तर 'निवळ असो!' अहो, अजून किती निवळ? तुम्हाला सांगतो, आमच्या बोस्नियात गळवाला गळवाल्याला नदीवर भेटला की कसं काय, बरं आहे ना, काही नाही, फक्त 'निवळ असो!' म्हणजे तुझ्यापुढचं पाणी स्वच्छ राहो. शुभेच्छा हो! पण ऑगस्टात? नदीचं नाव उना, आणि ऑगस्टात ती इतकी उणी होते की तळातला गोटा न् गोटा मोजून घ्यावा, आणि खालचा ट्राउट मासा नुसता वर बघतो तर त्याला मी दिसतो, माझी काठी दिसते, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं! आता अशा पाण्यात पिसाची नि दोऱ्याची खोटी माशी टाकून मासा फसवायचा, आणि हे म्हणतात, निवळ असो!

तर गिरणीखालच्या डोहात एक होता. होता म्हणजे काय, राजा होता! तीन उन्हाळे मी त्याच्या मागे. बायको, आमची झूम्रा, म्हणायची, "मासे मारायला जाता की माशा मारायला?" तिला काय कळणार! पाणी आटल्यामुळे तो त्या डोहात अडकला होता, शरदात नदी चढली की निघून जाणार, कुठे ते देव जाणे. त्यात शेजारचा एशरेफ बोक्यासारखा टपलेला. म्हणजे आत्ता धरला तर धरला, नाहीतर संपलं.

आणि नेमके त्याच वेळी व्याही आले! आमच्या अमेलाचं लग्न ठरलेलं, नवऱ्या मुलाचे वडील, शेफ्केत, खाली सावा नदीकाठच्या सपाटीवरचे, मुद्दाम घर बघायला आले. जेवण झालं, पिता, म्हणजे आमची सारण भरलेली भाजकी पोळी, तीही झाली, कॉफी झाली, आणि म्हणाले, "व्याहीबुवा, तुमची नदी दाखवा की!" मी काठी घेतली, तशी झूम्राने मला दारामागे ओढलं. "पाहुण्याच्या आधी माशी टाकलीत तर याद राखा! पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, तुझा बाप हावरा म्हणून!" खरंच आहे हो. आमच्याकडे पहिला घास पाहुण्याचा, पहिला पेला पाहुण्याचा, मग पहिली माशी कोणाची?

गेलो. आणि काय ती दुपार! वारा नाही, पान हलत नाही, काठावरच्या रानपुदिन्याचा वास असा चढतो की चालता चालता डोळे मिटावेत. कलिंगड गार व्हायला प्रवाहात दगडांमध्ये अडकवलं. पाणी इतकं हळू की वाहतंय की स्वतःशीच बोलतंय, कळेना. आणि डोहात... तो. ऊन थेट तळापर्यंत, आणि त्याची सावली त्याच्या खाली, तीसुद्धा कशी, शेपटीसकट! मी गुडघ्यांवर बसून कुजबुजलो, "टाका, व्याहीबुवा."

"छे छे, तुमची नदी. तुम्ही टाका."

"असं कसं? तुम्ही पाहुणे."

"अहो, मी गढूळ पाण्यातला माणूस, आम्ही गांडूळ लावतो नि घरी जातो. मला ही पिसं कुठे जमणार?"

"जमतील, मी शिकवतो."

"आधी तुम्ही टाकून दाखवा."

"पण आधी तुम्ही!"

तेवढ्यात वरच्या वाटेवरून कोणीतरी ओरडलं, 'निवळ असो!' गप्प बैस रे बाबा!

शेवटी व्याही म्हणाले, "जरा पडतो," आणि पडले की हो झाडाखाली, टोपी तोंडावर! मी बसलो काठी मांडीवर घेऊन. ऊन डोंगरामागे गेलं, पाण्यावर बारीक माश्या नाचायला लागल्या, धूर तरंगावा तशा, आणि राजा वर आला. हळूच. टप्! एक गेली. टप्! दुसरी. माझ्यापासून इतका जवळ की त्याच्या पाठीवरचे ठिपके दिसत होते, लाल, काळे... तुम्हाला सांगतो, मला वाटलं मीच पाण्यात आहे आणि तो मला बघतोय.

काठी उचलली मी. खोटं कशाला बोलू! व्याही झोपलेत, कोणाला कळणार? आणि मग अमेला आठवली. त्या सपाटीवर, परक्या घरात, सणाच्या पंगतीत कोणीतरी बोलणार, 'तुझ्या बापाने आमच्या अण्णांना झोपवलं आणि मासा मारला!' आणि माझी पोर मान खाली घालून बसणार... नाही हो. हात खाली आला आपोआप.

आणि मागून आवाज, "निवळ असो!"

एशरेफ! काठी परजूनच आला होता. मी म्हणालो, "श्शू, पाहुणे झोपलेत." तो म्हणाला, "झोपू देत. ते माझे थोडेच व्याही!" एक माशी टाकली. एकच! टप्!

पाणी उसळलं, काठीवरचं दोऱ्याचं रीळ किंचाळलं, एशरेफ कमरेपर्यंत डोहात, कलिंगड सुटून वाहत गेलं, आणि मासा... माझा मासा, त्याच्या जाळीत. आणि तेव्हा झाडाखाली व्याही ताडकन उठून बसले, टोपी आपटली आणि ओरडले, "अहो, हा कोण? मी काय याच्यासाठी डोळे मिटून पडलो होतो? मान अवघडली माझी! तुमचा त्या माशावर किती जीव आहे, मला काय दिसत नव्हतं? म्हटलं, मी झोपलो म्हणजे तरी हा भला माणूस माशी टाकेल! टाकली का नाहीत?"

मी म्हणालो, "तुमची झोपमोड होईल म्हणून."

संध्याकाळी एशरेफने अर्धा मासा तळून आणून दिला, 'पाहुणे आहेत ना, म्हणून.' अमेला तर हसून हसून रडली. झूम्राने पहिला तुकडा पाहुण्यांना वाढला आणि माझ्या ताटात नुसती शेपटी ठेवली. आणि व्याही काटे काढत, बोटं चाटत म्हणाले, "रामिझ, लग्नानंतर दर उन्हाळ्यात मी महिनाभर येतो इथे. असा मासा एकदा तुमच्याच हातून धरला गेला पाहिजे. मी झोपतो, तुम्ही टाका!"

मी म्हणालो, "या."

दुसरं काय म्हणणार? मुलगी दिलीय.