एर्सिलियाच्या हातची फेत्तुचीने

नको नको, मासे नको मागवूस, पोरी. आज सोमवार, सोमवारी बाजारात ताजे मासे नसतात हे तुझ्या आईनं कधी सांगितलं नाही का तुला? — मग तोरिनोतल्या आया मुलींना शिकवतात तरी काय! फेत्तुचीने घे. हीच, ही मी लाटतेय ना, हीच. घरच्या पास्त्याच्या लांब पट्ट्या, नुसती अंडी आणि पीठ, पाण्याचा थेंब नाही. मिलेना! ए मिलेना, या मुलीला एक फेत्तुचीने, साध्या टोमॅटोच्या रसात — मांसाचा रस नको, त्यात पट्ट्या बुडून जातात, काही दिसत नाही. आणि मला बघायचंय — म्हणजे तुला, तुला बघायचंय असं म्हणतेय मी. ताटात काय आलंय ते माणसानं खायच्या आधी नीट बघावं.

आणि या कोपऱ्यात बसवलं म्हणून रागावू नकोस हं. इथे एरवी टेबल नसतंच. आज कारंजं बघायला आलेली ती दोन बसभर माणसं आत येऊन बसली, तेव्हा एत्तोरेनं — एत्तोरे माझा मुलगा, तो गल्ल्यावरचा, टकलू, बापासारखाच — त्यानं हे टेबल ओढून माझ्या लाटायच्या फळीला चिकटवलं. बरं झालं. नाहीतर माझं तोंड कायम या काचेतून रस्त्याकडे, आणि जेवणारी सगळी पाठीमागे. जरा मान वळवली की सून म्हणते, मम्मा, समोर बघा, लोक फोटो काढतायत. हा डोक्यावरचा रुमालही तिनंच आणलाय, लोरेदानानं. मी जन्मात कधी रुमाल बांधला नाही गं, रोममध्ये वाढलेली बाई मी, माझे केस बघायला गल्लीतली पोरं थांबायची — हस, हस, खरं सांगतेय — आणि आता मला खेड्यातली करून बसवलंय. काचेवरची पाटी वाचलीस? ‘एर्सिलिया आजीच्या हातची’. आजी म्हणे! नातवंड एक नाही मला.

आत, स्वयंपाकघरात? छे, आत नाही जात मी आता. अख्खा जन्म आत गेला माझा. दुइलिओ, माझा नवरा, बाहेर लोकांना हसवायचा आणि मी आत घामानं निथळायची. मग तो गेला, मग माझे हे हात — बघ, लाटणं धरलं की थांबतात, सोडलं की कापरं सुरू. एत्तोरे म्हणाला, आतली पायरी उंच आहे, पडशील, तू आपली पुढे बस राणीसारखी. गुणाचा आहे गं तो. दुसरी मुलं आईला कुठेतरी नेऊन टाकतात आणि नाताळात केक घेऊन भेटायला जातात. आता हात असे म्हटल्यावर पट्ट्या सारख्या येत नाहीत, कबूल — ही बघ बोटाएवढी रुंद, ही सुतळीसारखी. जाड-बारीक एका भांड्यात टाकलं की काय होणार? निम्मी कच्ची, निम्म्याचा लगदा. एका बाईनं तक्रारही केली होती, ताट परत पाठवलं. पण ते एकदाच हं. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. मी विचारलं एत्तोरेला, काय रे, लोक काय म्हणतात? म्हणाला, बोटं चाटतात, मम्मा. — मग माझे हात बरे झाले का? बरे झालेत का गं? तुझ्या डोळ्यांसमोर आहेत.

नाही, संशय वगैरे नाही. संशय कशाला? फक्त परवा सकाळी लवकर आले होते, तर मागच्या दाराशी ओल्या कचऱ्याची पिशवी फाटलेली — ते समुद्रपक्षी फाडतात, मेले समुद्र सोडून आमच्याच गल्लीत राहायला आलेत — आणि एक जण चोचीत काहीतरी धरून ओढत होता. लांब. पिवळं. मी म्हटलं, कडेची कात्रणं असतील. कात्रणं टाकतोच की आम्ही. जरा जास्तच होती, पण कात्रणंच. घरी कोणाला बोलले नाही मी. तुला का सांगत बसलेय, देव जाणे, तुझं लग्न झालंय का, काय करतेस, हे विचारायचं सोडून —

आली बघ. थांब, चीज नको घालूस अजून. एक पट्टी उचल काट्यानं. हं. आता दुसरी. दोन्ही शेजारी शेजारी धर. — आणखी एक उचल. — आणखी.

सारख्या आहेत. सगळ्या सारख्या आहेत गं, यंत्रातून काढलेल्या. खाली बघ बरं, तळाशी, माझी एखादी असेल चुकून. नीट बघ, तुझे डोळे तरुण आहेत. — नाही? — एकही नाही? ... बरं. चव कशी आहे? माझं तोंड बघून सांगू नकोस, खाऊन सांग. — चांगली आहे. हो ना? दिसतंच आहे तुझ्या तोंडावर. वाईट असती तर बरं झालं असतं, आत जाऊन ओरडले तरी असते.

ए, हात खाली कर! कोणाला बोलावतेयस? एत्तोरेला तर मुळीच नाही. काय विचारशील त्याला? तो लाल होईल, लहानपणी व्हायचा तसा, आणि मग खरं बोलेल. त्याला खोटं जमत नाही तोंडावर, हे एवढं कसं जमवलंय कोण जाणे. आणि तो खरं बोलला की मला घरी बसावं लागेल. घरी काय आहे माझं? दुइलिओची खुर्ची आणि टीव्ही. त्यानं सांगितलं नाही तोवर मला काही माहीत नाही. मला दुखवायला घाबरतो म्हणून करतो, की काचेपुढची गर्दी जाईल म्हणून — ते मी विचारणार नाही. तूही विचारायचं नाहीस. फार वाईट वाटतंय गं मला, पण तू विचारायचं नाहीस.

काही नाही रे एत्तोरे, ही विचारत होती, पीठ किती वेळ मळायचं. — हो हो, आवडली तिला. विचार की तिलाच. — बघ, मान हलवतेय.

गेला. हसला, पाहिलंस? आता खा. आणि असं डोळ्यांत पाणी आणून बघू नकोस माझ्याकडे, मला नाही आवडत. तोंड फिरव तिकडे. मला काम आहे, हा एवढा गोळा लाटायचाय अजून.