अडुळसा देताना विचारलं नाही

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. तुम्ही मागेही दोनदा आलात, दुकानाबद्दल विचारलंत, आणि मी तुम्हाला हिरड्या-बेहड्याच्या गोष्टी सांगून वाटेला लावलं. आज सांगतो. मध्येच गप्प झालो तर थोडं थांबा, पण उठू नका.

आमचं दुकान मंडईच्या मागच्या गल्लीत, काष्ठौषधींचं, वडिलांनी घातलेलं. शाळा सोडून मी त्यांच्या शेजारी बसलो तो बसलोच. वडिलांचा एक नेम होता. बाई औषधाला आली की दिवस गेलेत का, हे आधी विचारायचं, पण पुरुषानं नाही. आत आई बसायची, ती त्या बाईला पडद्याआड बोलवायची, दोन शब्द बोलायची आणि बाहेर येऊन नुसती मान हलवायची, मग वडील कुठल्या डब्याला हात घालायचा ते ठरवायचे. आईमागे ते काम माझ्या बायकोकडे, कुसुमकडे आलं. कुसुम फटकळ. मी म्हणायचो, अगं जरा हळू विचार, बाहेर ऐकू येतं. ती म्हणायची, नशीब माझं, एरवी बायको बोललेलं तुम्हाला कुठे ऐकू येतं.

अडुळसा तुम्हाला माहीत आहे. खोकल्याला घरोघरी देतात, कुंपणाला लावतात. पण त्याचं मूळ जहाल. त्यानं गर्भाशय आवळतं म्हणतात, अडलेल्या बाळंतपणात जुन्या सुइणी ते वापरायच्या. म्हणून गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून पाठ. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

तेव्हा हिंजवडीला नव्या नव्या कंपन्या आल्या होत्या आणि बाहेरगावची शिकलेली मुलं-मुली शहरात भरत होती. त्यातली एक, यवतमाळकडची, आमच्याकडे शिकेकाई न्यायला यायची. नाव सांगणार नाही, तिचं नाव या गोष्टीत यावं असं मी काय म्हणून करू. एकदा ती आली ती खोकतच. पंधरा दिवस झाले काका, थांबतच नाही, म्हणाली. कुसुम त्या आठवड्यात साताऱ्याला भावाकडे गेलेली. मी त्या मुलीकडे बघितलं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, फितीला लटकवलेलं, मंगळसूत्र नाही. आता अशा मुलीला दिवस गेलेत का म्हणून कसं विचारायचं, तिनं काय समजावं, माझी जीभच रेटेना. काय सांगू तुम्हाला, लाज वाटली मला, बाकी काही नाही. खोकला जुना म्हणून पानांत थोडं मूळ घातलं, भरड करून दिली, चार कप पाणी एक कप होईपर्यंत आटवा म्हटलं. ती पुडी घेऊन घुटमळली. म्हणाली, काका, हे सगळ्यांना चालतं ना? तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही असं घरच्यांनी तिला बजावलं असणार, म्हणून ती आडून विचारत होती. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी हसून म्हटलं, अगदी तान्ह्या पोराला चालतं.

तीन आठवड्यांनी तिचा नवरा आला. हातात उरलेली पुडी. म्हणाला, काका, दवाखान्यातून काल घरी आणलं तिले, दोन महिन्यांचं होतं, गेलं जी. ह्याच्यात काही असं-तसं नव्हतं ना? आई म्हणते, गाडीवर हिंजवडीला जात होती, खड्ड्यांनी झालं.

मी पुडी हातात घेतली, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हटलं, छे हो, झाडपाला आहे नुसता, याचा काय संबंध? इथवर थांबलो असतो तरी एक वेळ. पण पुढे म्हणालो, आई म्हणतात त्यात तथ्य आहे, या रस्त्यांवर गाडी म्हणजे जरा अतीच. त्याचा चेहरा मोकळा झाला. थँक यू काका म्हणून गेला.

कुसुम परत आली, तिनं पहिलं विचारलं, मी नसताना बायकांना विचारत होतात ना? मी हो म्हटलं. पुढे कुसुम वारली, तिलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. ओळखीच्या एका वैद्यांना मात्र विचारलं, दुसऱ्या कुणाचं म्हणून. ते म्हणाले, नक्की कसं सांगणार, पहिल्या महिन्यांत पुष्कळदा असंच जातं, पण देणाऱ्यानं विचारायला नको होतं का? तेव्हापासून दुकानात कुणी बाई खोकली की माझा हात तराजूवरच राहायचा. मूळ विकणं बंद केलं. झोपेत अजूनही ती मुलगी विचारते, चालतं ना, आणि मी हसतो. मी हसतो हो, प्रत्येक वेळी.

एकदा धीर करून स्वारगेटहून बस धरली, तिला काय सांगायचं ते बसमध्ये पाठ केलं आणि धनकवडीला विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो. तिनंच दार उघडलं. अय्या काका, या ना. चहा ठेवला. सासूबाई समोर बसल्या होत्या, म्हणाल्या, नोकरी सोडवली तिची, आता घरीच राहते. ती खाली बघून म्हणाली, माझंच चुकलं काका, गाडी चालवायला नको होती, सगळे सांगत होते. खरं सांगायला एवढी वाट तिनं करून दिली होती मला. मी चहा संपवला. म्हटलं, देव देईल पुन्हा. आणि चपला घालून खाली आलो.

पुढच्या वेळी गेलो तर कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, बंगलोरला गेले, पत्ता नाही. आता माझे डोळेही गेले, दुकानही बंद झालं. बसमध्ये पाठ केलेलं तेवढं शिल्लक आहे, ते जसंच्या तसं लिहा. बाई, मला माफ कर. औषधानंच झालं का ते कुणालाच सांगता यायचं नाही, पण मला ठाऊक असून मी तुला विचारलं नाही, आणि नंतर तुझ्या नवऱ्याशी खोटं बोललो. तू काही केलं नव्हतंस.