गाडीवर नाव नको

नानासाहेब : फुकट कोण देतं, मॅडम? वाळूजला दोन कारखाने, शहरात बंगला. इतकी वर्षं ढुंकून बघितलं नाय, आन आता एकदम गावाला ॲम्ब्युलन्स? दाल में कुछ काला हाय.

तनुजा : सरपंच, काकासाहेब याच गावचे आहेत. कन्नडला पेशंट न्यायला तुमच्याकडे धड गाडी नाही, म्हणून देताहेत. मी त्यांच्या ऑफिसातून आलेय ती फक्त पंचायतीच्या पत्रासाठी. तुमची एक सही हवी, बस.

नानासाहेब : सहीच तर मागतात सगळे! झेडपीला उभं राहायचंय का त्याला? का गायरानावर डोळा हाय?

सगीरा : नानासाहेब, त्यांची नियत त्यांच्यापाशी राहू द्या. गाडी तर खरी हाय ना?

नानासाहेब : सगीराभाभी, तुमी आशाताई. तुमाला गोळ्या-लसी कळतात. ह्यातलं नाय कळायचं.

सगीरा : माझ्या लेकीला नववा लागलाय, तहरीमला. तिचं पहिलं लेकरू जीपमधीच गेलं, कन्नड यायच्या आत. माझ्या मांडीवर गेलं. तेवढं कळतं मला.

नानासाहेब : त्याचं वाईट मलाबी वाटतं. पण मॅडम, एक सांगा. ह्या कागदात लिवलंय, गाडीवर देणाऱ्याचं नाव टाकू नये. ते का बरं?

तनुजा : त्यांना नकोय.

नानासाहेब : हेच! आमच्याकडं मंदिराला पंखा दिला तरी पात्यावर नाव असतं. दर्ग्यात घड्याळ दिलं तरी खाली बापाचं नाव. आन हा लाखांची गाडी देतो आन नाव नको म्हणतो? ज्याला नाव नको, त्याला दुसरंच कायतरी पायजे असतं.

सगीरा : हे मातर मलाबी खटकलं, ताई. खोटं कशाला बोलू?

तनुजा : सांगू का मग? गेल्या जत्रेत साहेब कुस्त्या बघायला आले होते. सरपंच, माईक तुमच्या हातात होता. "ह्या मातीत मोठे झाले, मातीला काय दिलं? आन दिलंच तर आधी भिंतीवर स्वतःचं नाव रंगवतील," असं म्हणालात तुम्ही. साहेब मंडपामागेच उभे होते.

नानासाहेब : ते मी समद्याच पैसेवाल्यांना म्हणलो.

तनुजा : त्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले आणि म्हणाले, गाडी द्यायची, नाव नाही टाकायचं.

नानासाहेब : म्हंजी मला खोटं पाडायला देतोय! बघा, निघालं का नाय पोटातलं?

तनुजा : आता काय बोलू तुमच्याशी? नाव टाकलं तरी वाईट, नाही टाकलं तरी वाईट. हे बघा, आज पत्र मिळालं नाही तर गाडी पलीकडच्या गावाला जाईल. त्यांनी कालच सही करून दिलीय.

नानासाहेब : त्यांना घाई आसंल. मी ग्रामसभेत ठेवतो, सव्वीस जानेवारीला. उद्या गायरान गेलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.

सगीरा : तहरीमला डॉक्टरनं जानेवारीची नऊ तारीख दिलीय.

नानासाहेब : भाभी, एका बाळंतपणासाठी अख्खं गाव गहाण टाकू का?

सगीरा : नका टाकू. ताई, गाडी पलीकडं द्या. माझी बहीण अनिसा त्याच गावात दिलीय. तहरीमला आजच तिच्याकडं नेऊन ठेवते.

नानासाहेब : आन आपल्या गावातल्या बाकीच्या बाया? त्यांना काय सांगणार?

(सगीरा पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत जाते, थांबते.)

सगीरा : मी नाय सांगणार. तुमीच सांगा. घरापासूनच सुरू करा.

नानासाहेब : माझ्या घरात कोण हाय?

सगीरा : तुमची सून. अमृताचं नाव परवाच माझ्या रजिस्टरात चढवलंय. तिसरा महिना सरल्याबिगर तुमाला कळू द्यायचं न्हवतं, तुमच्या मंडळींनी, सरूबाईंनी कसम घातली होती मला.