येते म्हणायचं राहिलं

आमचे बाबा कशालाच घाबरत नाहीत, असं तुम्ही म्हणता ना, मग हे ऐका. परवा ते मला बाईकवरून शाळेत सोडायला निघाले होते. साकीनाक्याला एक टेम्पो इंडिकेटर न देताच आमच्या पुढ्यात वळला. बाबांनी ब्रेक दाबला. बाईक घसरत गेली आणि टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली.

मागचा रिक्षावाला ओरडला, "मरना है क्या?"

"जा बाबा, तू आधी जा," बाबा त्याला म्हणाले. मग मला विचारलं, "लागलं नाही ना?" आवाज अगदी रोजचा होता.

पुढच्या सिग्नलला मात्र ते मान न वळवता म्हणाले, "निघताना 'येते' म्हणाली होतीस का गं?"

"कुणाला म्हणू? आई गेल्यापासून घरात कोण असतं?"

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी आमची बाईक हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि बंद दाराकडे बघत हळूच म्हणाले, "येतो गं आम्ही. दोघंही येतो."