‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नाही

शमशाद: ...आणि उद्या निळा सदरा घाल. पांढऱ्यात आजारी दिसतोस तू. मेहविशच्या आईची नजर फार बारीक आहे, आत्ताच सांगून ठेवते.

तौसीफ: अम्मी, जरा बस ना.

शमशाद: बसून कबाब होतात का? डाळ-खिमा वाटून ठेवलाय, अजून चाळीस टिक्क्या थापायच्यात. तूच ये, हात धू. लहानपणी किती गोल थापायचास. तुझी बहीण थापायला बसली की निव्वळ पाकिस्तानचा नकाशा.

तौसीफ: अब्बू कधी येणार?

शमशाद: ग्रोनलंडच्या बाजारात गेलेत, कसायाकडे. तिथेच दुपारची नमाज पढतील, मग त्या रिटायर ट्रामवाल्यांच्या कंपूत चहा. म्हणजे तीन वाजले समज. का, काय काम आहे?

तौसीफ: काम तुझ्याशीच आहे. ते यायच्या आत.

शमशाद: मग बोल की. हात चालू ठेव आणि बोल. ड्रामेनहून उद्या पाच माणसं येणार, तुला बघायला पहिल्यांदा येणार, त्यांच्यासमोर काय तुझं तोंड ठेवू?

तौसीफ: गुरुवारी कामावर एक गोष्ट झाली.

शमशाद: आज सूर्य कुठून उगवला? नऊ वर्षं दुभाष्याचं काम करतोस, एक शब्द कधी घरी आणला नाहीस. विचारलं की म्हणे शपथ घेतलीय. खालच्या मजल्यावरची कुलसूम तिच्या पोराच्या ऑफिसातली भांडणं सांगून सांगून माझं डोकं खाते, आणि मी आपली गप्प.

तौसीफ: नाव-गाव आजही सांगणार नाही. एक माणूस होता, आपल्याच मुलखातला, आपलीच पंजाबी बोलणारा. नॉर्वेत राहू द्या म्हणून त्याने अर्ज केलाय. एक बाई नॉर्वेजियनमध्ये विचारते, मी ते त्याला पंजाबीत सांगतो. त्याचं उत्तर तिला.

शमशाद: माहितीये. माझ्यासाठी जन्मभर फुकटात तेच केलंस.

तौसीफ: त्यात एक नियम असतो. तो ‘मी’ म्हणाला की मीही ‘मी’च म्हणायचं. ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नाही.

शमशाद: म्हणजे तो म्हणाला माझं पोट दुखतं, तर तू म्हणायचं माझं पोट दुखतं? कमाल आहे. उद्या औषध तुलाच पाजतील.

तौसीफ: त्या माणसाला परत पाठवलं तर त्याचे सख्खे भाऊ त्याला जिवंत ठेवणार नाहीत. तो एका माणसाबरोबर राहायचा. सहा वर्षं. भाऊ म्हणून नाही, दोस्त म्हणूनही नाही.

शमशाद: मीठ कमी पडलंय का बघ जरा.

तौसीफ: अम्मी.

शमशाद: ऐकतेय मी. पण असल्या गोष्टी अन्नासमोर कशाला काढायच्या?

तौसीफ: ती बाई त्याला विचारत होती, तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटायचं ते सांगा. त्यांना ते ऐकावं लागतं, नाहीतर खोटं बोलतोय असं धरतात. आणि त्याला सांगता येईना. आपल्या भाषेत त्यासाठी आहे काय? चार शिव्या. त्या स्वतःलाच कशा घालायच्या? मग म्हणाला, तो रात्रपाळीला जायचा. मी त्याच्यासाठी रोटी फडक्यात बांधून ठेवायचो, आणि तो येईपर्यंत मला घास उतरायचा नाही.

शमशाद: बस, एवढंच?

तौसीफ: एवढंच. आणि ते मला नॉर्वेजियनमध्ये म्हणायचं होतं. मी त्याच्यासाठी रोटी ठेवायचो. मला घास उतरायचा नाही. पहिलं वाक्य म्हणालो आणि माझा आवाज गेला.

शमशाद: सर्दी झालीय तुला. बुधवारी टोपी न घालता...

तौसीफ: सर्दी नव्हती. मी पाणी मागितलं. नऊ वर्षांत कधी मागितलं नव्हतं. त्या बाईला वाटलं मला हे सहन होत नाहीये, मुसलमान आहे ना. अगदी गोड आवाजात विचारलं, दुसरा दुभाषी बोलवू का. आणि त्या माणसालाही तेच वाटलं. माझ्याकडे असं बघितलं त्याने अम्मी, जसं भावांकडे बघत असेल. खुर्ची जरा मागे घेतली. त्याला वाटलं, हाही त्यांच्यातलाच. मला त्याची किळस आली असंच त्याने धरलं.

शमशाद: मग सांगायचं ना त्याला, बाबा रे, तसं नाही म्हणून. बिचारा.

तौसीफ: मला परवानगी नाही. तिथे मी माझं काहीच बोलू शकत नाही.

शमशाद: मग इथे बोल. इथे कुठे ऑफिस आहे?

तौसीफ: म्हणजे, काय आहे, की माणसाचं कधीकधी...

शमशाद: फिरवू नकोस. मला फिरवलेलं कळत नाही, आणि तुला फिरवता येत नाही. नऊ वर्षांचा होतास. ती डॉक्टरीण माझ्या पोटावर यंत्र फिरवत होती, आणि बोलली तुझ्याकडे बघून. मी विचारलं, काय म्हणते रे? दुसरं पोर असतं तर म्हणालं असतं, काही नाही, औषध देणार आहे. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, अम्मी, बाळाचं हृदय थांबलंय, ते आता येणार नाही. रडलास ते बाहेर, ट्रामच्या थांब्यावर. तसं सांग. तेव्हा सांगितलंस तसं.

तौसीफ: मला लग्न करायचं नाही. मेहविशशी नाही आणि कुठल्याच मुलीशी नाही. मला पुरुष आवडतात, अम्मी. मी पहिल्यापासून तसाच आहे. हे त्या माणसाचं नाही सांगत. माझं सांगतोय.

(शमशाद शेगडी बंद करते. हात धुते. पुन्हा धुते.)

शमशाद: कुणी शिकवलं हे तुला?

तौसीफ: कुणी नाही.

शमशाद: मी तुला बायकांच्या दवाखान्यांत फिरवलं. नको ते तुझ्या कानावर पडलं. त्यानेच झालं असेल.

तौसीफ: त्याने मी दुभाषी झालो. हे त्याने नाही झालं.

शमशाद: कधी कळलं?

तौसीफ: अब्बूंना जूनमध्ये ताप यायचा, आठवतं?

शमशाद: दरवर्षी यायचा. ड्युटीच्या ऐन गडबडीत. मी काढे करून करून थकले.

तौसीफ: जूनमध्ये आठवडाभर ट्रामवर माझ्यासारख्यांच्या बाजूने ते सहा रंगांचे छोटे झेंडे लागायचे. तसली ट्राम चालवायची नाही म्हणून ते आजारी पडायचे. तुला खरंच ठाऊक नव्हतं? मला बाराव्या वर्षी कळलं. झेंडे उतरले की दुसऱ्या दिवशी ताप उतरायचा. मी त्यांना आल्याचा चहा नेऊन द्यायचो आणि ते माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, माझा शहाणा मुलगा. आणि मला वाटायचं, यांना ज्याचा ताप येतो तो मीच आहे. अजून वीस वर्षं चहा दिला तरी तो मीच असणार.

शमशाद: बाराव्या वर्षी. आणि मी तुझ्या शेजारच्या खोलीत घोरत होते.

तौसीफ: तू घोरत नाहीस.

शमशाद: लाडात येऊ नकोस. रोजे ठेवतोस की तेही ढोंग?

तौसीफ: ठेवतो. ढोंग नाही. नमाजही पढतो, सुटते मधूनमधून. तेवढी सगळ्यांचीच सुटते.

शमशाद: आणि कयामतच्या दिवशी मला विचारलं, हा मुलगा तुझा ना, तर मी काय सांगू?

तौसीफ: सांग, माझाच आहे. तिथे दुभाषी लागणार नाही, अम्मी. तिथे माझंही मला बोलू देतील.

शमशाद: तोंडाने फार हुशार झालायस. आण ती खुर्ची इकडे.

तौसीफ: पाणी देऊ?

शमशाद: नको. हे बघ, एक विचारते. लग्न करून निभावता नाही येणार? करतात की लोक. मुलं होतात, घर उभं राहतं. आतलं कोण बघायला येतं?

तौसीफ: मेहविश बघेल ना. तीच आत असेल.

शमशाद: माझी एक खाला होती, माझ्या आईची बहीण, सकीना. खारियांजवळच्या गावात दिलेली. सतराव्या वर्षी लग्न झालं. नवरा देखणा, कमावता, कधी हात उचलला नाही. फक्त झोपायचा बाहेर बैठकीत, त्याच्या मित्राबरोबर. चाळीस वर्षं. साऱ्या गावाला ठाऊक. आणि नाव कुणाचं खराब? सकीना वांझ. तिला दर्ग्यांना नेलं, तावीज बांधले, कुणी सांगेल तो पाला वाटून पाजला. ईदला ती एकाच हाताला मेंदी लावायची. मी विचारलं, खाला, दुसरा हात? म्हणाली, एक मीच बघते, दुसरा कुणाला दाखवू?

तौसीफ: हे तू कधी सांगितलं नाहीस.

शमशाद: सांगणार काय? तूच म्हणालास ना, शिव्यांशिवाय शब्द नाही. आणि खालूला, खालाच्या नवऱ्याला, शिवी कोण देणार, भला माणूस होता. आम्हा पोरांना जत्रेतून जिलबी आणायचा. मी जन्मभर खालाचंच दुःख केलं. तोही आत कोंडलेला असेल, हे आत्ता तुझ्याकडे बघून डोक्यात आलं.

तौसीफ: म्हणून म्हणतो, मेहविशला सकीना करू नकोस.

शमशाद: मला शिकवू नकोस. पोरीशी मी दोनदा फोनवर बोललेय. चांगली आहे. फोन ठेवताना विचारते, आंटी, गुडघा कसा आहे. असल्या पोरीला मी एका हाताची मेंदी लावायला लावीन होय?

तौसीफ: म्हणजे उद्याचं...

शमशाद: उद्याचं होणार नाही. पण मी खूश आहे असं समजू नकोस. काळीज फाटलंय माझं. आज रात्री सजद्यात पडून रडणार आहे मी, आणि तुझ्यासाठी काय मागायचं तेही मला कळत नाहीये. आजवर सरळ मागत होते, सून दे, नातवंडं दे.

तौसीफ: मला माफ कर.

शमशाद: माफी कशाची मागतोस? काय चोरलंस? आणि कुणी आहे का तुझं, ते मला आज सांगू नकोस. एका दिवसात एवढं पुरे.

तौसीफ: बरं. आणि अब्बू?

शमशाद: त्यांना तू सांगायचं नाहीस. मी सांगेन, माझ्या वेळेने. महिना लागेल, वर्ष लागेल. कदाचित ऐकून घर डोक्यावर घेतील, कदाचित तुझ्याशी बोलणं टाकतील, मी काही वचन देत नाही. तोवर तू दर शनिवारी येतोस तसंच यायचं. एक शनिवार चुकवलास तर मी काय ते समजेन.

तौसीफ: येईन.

शमशाद: फोन दे माझा. मेहविशच्या आईचा, रेहानाचा नंबर काढून दे, मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत.

तौसीफ: आत्ता करतेस? तिला सांग, मुलगा दारू पितो म्हणून कळलं. किंवा नोकरी गेली. माझ्यावर ढकल सगळं. नाहीतर ती खोदून खोदून विचारेल, आणि मुलीची बदनामी होईल.

शमशाद: झालं सांगून? आता गप्प बस आणि तो खिमा झाक. हॅलो, रेहाना बहन? सलाम आलेकुम. मी शमशाद, स्टोव्हनरहून. सगळे मजेत ना? ...हो, तयारी चालूच होती. बहन, हात जोडून माफी मागते, उद्या येऊ नका. ...नाही, तब्येत ठीक आहे सगळ्यांची. ...पुढच्या रविवारीही नको. हे स्थळच आम्ही थांबवतोय. ...तौबा, असं मनातही आणू नका, मेहविशबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. लाखात एक पोर आहे, मी चार माणसांत हेच सांगेन, कुणीही विचारू दे. ...दुसरी मुलगी बघितलेली नाही. ...तुमचा राग बरोबर आहे, बोला, मी ऐकून घेते. ...हो. ...हो, पाच माणसांची सुट्टी वाया गेली, कबूल. ...काय म्हणालात?

...नाही बहन. माझ्या मुलात काही खोट नाही.