झिरपणारं नेट

धाकूआबा : कुणाला सांगून पटायचं नाही, गुरुदत्त, पण आमच्या घरातलं नेट खडवलीपर्यंत गेलेलं आहे.

शिवानी : आबा, आपण त्याच्या दुकानात नवीन राउटर घ्यायला आलोय. त्याने फक्त विचारलं, घर केवढं आहे.

धाकूआबा : त्यावरच येतोय. आमचा साडू दगडू राहायला आला होता. तीन दिवस त्याने फोन राउटरला टेकवून ठेवला. चौथ्या दिवशी लोकलने पार कल्याणच्या पुढे खडवलीला उतरला, चालत नदीवर गेला, तरी फोनात नेट शिल्लक. पाण्यात पाय घातला तेव्हा संपलं.

गुरुदत्त : बरं. घर केवढं, ताई? मी राहतो तुमच्याच बिल्डिंगमध्ये, पण तळमजल्याला. वरचे फ्लॅट मोठे आहेत म्हणतात.

शिवानी : दोन बेडरूम, हॉल, किचन. राउटर हॉलमध्ये, दाराच्या वर. आबांनी हट्टाने तिथेच लावून घेतलाय.

धाकूआबा : गणपतीशेजारी. नजर राहते.

गुरुदत्त : आणि नेटवर वस्तू किती चालतात? राउटर त्याच्यावर ठरतो.

शिवानी : मोजून आणलंय. फोन पाच, लॅपटॉप दोन, टीव्ही दोन, टॅब, एसी, दारावरचा कॅमेरा, संदेशदादाचा गेम आणि आजीचा भजनांचा स्पीकर. चौदा.

गुरुदत्त : मग हा घ्या. साधा आहे, चौदाला आरामात पुरतो.

शिवानी : थांब ना. काल मी राउटरचं ॲप उघडलं. यादीत एकतीस आहेत.

गुरुदत्त : एकतीस?

धाकूआबा : मी म्हटलं होतं, पटायचं नाही.

शिवानी : गुरुदत्त, सोमवारी संध्याकाळी सातला माझा क्लायंट कॉल आहे. गेल्या महिन्यात तीनदा मी बोलता बोलता गायब झालेले. मॅडमनी सांगितलंय, आणखी एकदा झालं तर घरून काम बंद, रोज ऐरोली. मानपाड्याहून शीळफाट्यावरून. येऊन-जाऊन चार तास. मी नोकरी सोडेन, खरं सांगते.

धाकूआबा : शीळफाट्याचं मला नको सांगू. मी तिथे एकदा अडकलो होतो. बसमध्ये चढलो तेव्हा गुळगुळीत दाढी केलेली होती. घरी आलो तर तुझ्या आजीने दार उघडून विचारलं, कोण पाहिजे?

शिवानी : आबा, हे बघा. यादीत लिहिलंय 'मालन टीव्ही'. शेजारच्या मालनमावशींचा टीव्ही आपल्या नेटवर कसा?

धाकूआबा : भिंत एक आहे ना. बिल्डरने सिमेंटमध्ये हात राखला. पावसाळ्यात ओल झिरपते, बाकीचे आठ महिने नेट झिरपतं. मालनच्या भिंतीला पोपडे आलेत, त्याच्यावर तळहात ठेव, मालिकेतली माणसं बोलताना जाणवतात.

शिवानी : आणि 'विकी रिक्षा'?

धाकूआबा : तो खिडकीखाली रिक्षा लावतो. सकाळी भरून घेतो. शेअरच्या चार फेऱ्या सहज निघतात.

शिवानी : 'पंढरी टू', 'सगुणा न्यू', 'दुकान मोबाईल'... हा दुकानवाला कोण?

गुरुदत्त : असेल कुणी. डोंबिवलीत दुकानं काय कमी आहेत?

शिवानी : आबा, तुम्ही कुणाला पासवर्ड सांगितलात का?

धाकूआबा : मी? तोंडातून अक्षर काढलेलं नाही. गणपतीची शपथ घेईन, शेजारीच आहे.

शिवानी : मग बिल्डिंगला कळलं कसं आपल्याकडे नेट आलंय ते?

धाकूआबा : पेढे वाटले ना! फ्रिज आला तेव्हा वाटले, रंगीत टीव्ही आला तेव्हा वाटले. घरात वस्तू आली की शेजाऱ्यांचं तोंड गोड करायचं. प्रत्येक दाराला एक पुडी. माझ्या हातांनी बांधल्या.

शिवानी : राउटर आला म्हणून पेढे! आणि सात वाजले की आपल्या जिन्यात पाय ठेवायला जागा नसते, ते? नेमका तेव्हाच माझा कॉल पडतो.

धाकूआबा : त्यांचा नेटशी काय संबंध? ते माझ्या गोष्टी ऐकायला येतात. सतरा माणसं. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांत.

शिवानी : माना खाली घालून?

धाकूआबा : एकाग्र होतो माणूस.

शिवानी : जाऊ दे. गुरुदत्त, तू मोठ्यातला मोठा दे. झिरपू दे किती झिरपायचं ते, माझा कॉल पडता कामा नये.

गुरुदत्त : मग तीन डब्यांचा सेट आहे. एक हॉलमध्ये, एक-एक बेडरूममध्ये. चाळीस-पन्नास वस्तू ओढतो.

(गुरुदत्त स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा मोठा खोका काढतो.)

धाकूआबा : त्यातला एक जिन्यात लावता येईल का रे?

शिवानी : आबा!

धाकूआबा : सहज विचारलं. बांध बाबा, बांध. शिवानी, जाताना कोपऱ्यावरून पेढे घेऊ.

शिवानी : परत?

धाकूआबा : नवीन वस्तू आहे. गुरुदत्त, याचा पासवर्ड डब्याच्या बुडाला लिहिलेला असतो ना? जरा वाच. आणि तो कागद इकडे दे. आणि पेन. हा कागद पुरणार नाही, आख्खी वही दे.

गुरुदत्त : ताई, हा सेट मी परत वर ठेवतोय.

शिवानी : का? काय झालं?

गुरुदत्त : आहे तोच राउटर चालेल तुम्हाला. फक्त पासवर्ड बदला, आणि बदललेला आजोबांना सांगू नका. तो 'दुकान मोबाईल' माझाच आहे, आत्ता बंद करतो.

धाकूआबा : बघ, शिवानी. तळमजल्यापर्यंत झिरपलंय.

गुरुदत्त : झिरपलं नाही, आजोबा. पेढ्याच्या पुडीत चिठ्ठी होती, तुमच्या अक्षरात. वर पासवर्ड, आणि खाली लिहिलेलं, 'जिन्यात रेंज चांगली येते. सातला या.'